खाडी सगळ्यांची: कोकणात वॉटर स्कीइंग शिकणाऱ्या नवख्यांसाठी

कोकणात पाण्यावरचे खेळ म्हटले की बनाना राइड, बंपर, जेट-स्की आणि पॅरासेलिंग. वॉटर स्कीइंग, म्हणजे पायांत लांब फळ्या (स्की) घालून बोटीच्या दोरीमागे पाण्यावर घसरत जाणं, ते करणारे मोजके आणि ते नीट शिकवणारे त्याहून मोजके. मग नवा माणूस मोबाइलवर अमेरिकेतल्या तळ्यांवरचे व्हिडिओ बघतो आणि तेवढ्या भांडवलावर खाडीत उतरतो. त्या तळ्यांना भरती-ओहोटी नसते, तिथे कोणी डोल (खुंटांना बांधलेलं जाळं) लावलेली नसते, दर अर्ध्या-पाऊण तासाला फेरीबोट आडवी जात नाही. आपल्या खाडीत हे सगळं असतं. आणि तुम्ही सोडून बाकी प्रत्येक जण तिथे पोटासाठी आलेला असतो.

मी हा खेळ रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांमध्ये शिकलो आणि आता नव्या मुलांबरोबर बोटीवर निरीक्षक म्हणून जातो. स्कीवर उभं राहणं चार-सहा सकाळींत जमून जातं. कुठे उतरायचं, कधी उतरायचं आणि कोणाला वाट द्यायची, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यासाठी हा लेख.

## १. कागद आधी, पाणी नंतर

तुम्ही पैसे देऊन शिकणार असाल तर कागद व्यवसाय करणाऱ्याचे तपासायचे. स्वतःची बोट आणणार असाल तर तेच कागद तुमच्याजवळ हवेत.

- बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र. त्यावरचा क्रमांक आणि बोटीवर रंगवलेला क्रमांक एकच आहे का ते बघा.
- व्यावसायिक जलक्रीडेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी. ती कोणत्या ठिकाणासाठी आणि कोणत्या खेळासाठी आहे तेही वाचा. जेट-स्कीची परवानगी दाखवून स्की ओढणारे भेटतात.
- बोट चालवणाऱ्याचं प्रशिक्षण प्रमाणपत्र. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट हाताळणीचे आणि जीवरक्षणाचे कोर्स होतात. तिथलं असेल तर उत्तम.
- विमा, आणि त्यात प्रवाशांबरोबर तिसऱ्या पक्षाचं नुकसान धरलंय का. कोणाचं जाळं फाटलं की हाच कागद लागतो.
- तुमचं ओळखपत्र आणि घरच्या एका माणसाचा नंबर, कागदावर लिहिलेला. मोबाइल भिजला की त्यातला नंबर काही कामाचा नाही.

बहुतेक ठिकाणी एक संमतीपत्र पुढे करतात. वाचून सही करा, कोरी जागा सोडू नका. खांदा निखळण्याचा इतिहास, पाठीचं दुखणं, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लाइफ जॅकेट घालून शंभर मीटर न घाबरता पोहता यायला हवं. त्यापेक्षा कमी चालत नाही.

पावसाळ्यात साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी बोटी बंद असतात. या काळात कोणी 'खाडी शांत आहे, चला' म्हणालं तर त्याचे बाकीचे कागद बघण्यातही वेळ घालवू नका. सप्टेंबरमध्ये परवानगी असली तरी नद्यांबरोबर ओंडके आणि बांबू वाहून येत असतात आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. शिकायला सुरुवात नोव्हेंबरपासून करावी, असं माझं मत.

## २. आदल्या दिवशी ओहोटीला खाडी बघून या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. भरतीला खाडी आरशासारखी दिसते आणि पाण्याखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. पूर्ण ओहोटीला जेट्टीवर उभं राहा. डोलीचे खुंट, कालवांनी (धारदार शिंपल्यांनी) भरलेले खडक, जुन्या बांधाची ढासळलेली भिंत, वाळूचे उंचवटे, कुठे तरी बुडून राहिलेल्या होडीच्या फासळ्या, सगळं उघडं पडलेलं असतं. भरतीला यातल्या बऱ्याच गोष्टींवर वीत-दोन वीत पाणी असतं. बोट जाते वरून, स्कीवाला आपटतो त्यावर.

फोटो काढा, पण नुसता फोटो पुरत नाही. तांडेल (मच्छीमार होडीचे प्रमुख) लोक ज्या रीतीने खूण धरतात तशी धरा: समोरच्या काठावरचं देवळाचं शिखर आणि मागच्या डोंगरावरचा मोबाइल टॉवर एका रेषेत आले की खडक आला, अशा दोन-दोन खुणा वहीत लिहा. काठावरच्या कोणालाही विचारलंत तर या खुणा आयत्या मिळतील, शिवाय ओळख होईल ती वेगळीच.

जागा निवडताना मी हे बघतो:

- ओहोटीलाही दोन मीटर पाणी राहणारा सरळ पट्टा. पडताना पाय तळाला लागता कामा नयेत.
- बोटीच्या दोन्ही बाजूंना किमान तीस-तीस मीटर मोकळं पाणी. दोरी तेवीस मीटरची असते आणि स्कीवाला बाजूला गेला की जवळजवळ तेवढाच बाहेर जातो. वळायला याहून बरीच जास्त जागा लागते.
- पूल, जेट्टी, नांगरलेल्या होड्या आणि खाडीचं मुख यांपासून लांब. पुलाच्या खांबांपाशी पाणी खेचतं.

काही जागा यादीतून सरळ काढून टाका. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडले या फेरीबोटींच्या वाटा. धरमतर खाडीत बार्ज (मालवाहू बोटी) सतत ये-जा करतात. दिघी आणि जयगडला मोठी जहाजं येतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवासी होड्या, स्कूबाच्या बोटी आणि पाण्यात डोकं खाली घालून पोहणारे पर्यटक यांची एवढी दाटी असते की तिथे स्की काढायचा विचारही करू नये. त्यातला काही भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. देवबागचा संगम दिसायला सुंदर आहे, पण ओहोटीला कर्ली नदीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा तिथे समोरासमोर येतात.

आणि नदीच्या फार वर जाऊ नका. वाशिष्ठीत चिपळूणकडे आणि सावित्रीत महाडकडे मगरी आहेत. त्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण पाण्यात पडून बोटीची वाट बघत राहणं हा या खेळाचा निम्मा भाग आहे.

## ३. तिथी बघून वेळ ठरवा

माझ्या मते सुरक्षिततेचा आणि शिष्टाचाराचा निम्माअधिक भाग इथेच निकाली निघतो.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. नवमीला नऊ गुणिले पाऊण म्हणजे पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. सकाळी एकदा आणि मग सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. मालवणकडे भरती थोडी लवकर येते आणि खाडीत आत आत जावं तशी उशिरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला आणि शेवटचा शब्द त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याचा.

आता उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग. उधाणाला अलिबागकडे पाणी चार मीटरच्या वरही चढतं-उतरतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. एवढं पाणी सहा तासांत खाडीच्या चिंचोळ्या तोंडातून आत-बाहेर करतं, तेव्हा त्याचा वेग चांगल्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. भांगाला तेच पाणी सुस्तावलेलं असतं.

तिसरी गोष्ट वारा. थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे जमिनीवरून हलका वारा असतो, सकाळी पडतो, आणि अकरा-साडेअकरानंतर समुद्रावरचा वारा चढायला लागतो. दुपारी खाडीत चौकडीच्या लाटा उठतात. नवख्याला त्यावर उभं राहता येत नाही आणि पडलेल्याचं डोकं दिसत नाही.

तिन्ही एकत्र मांडा: दशमी ते द्वादशीची सकाळ. भांगाचं मऊ पाणी, सूर्य उगवल्यानंतरची भरती आणि वाऱ्याच्या आधीचा वेळ, महिन्यातून दोनदा आयता मिळतो. भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत खेळा आणि पाणी सुकायला, म्हणजे उतरायला, लागायच्या आत बोट धक्क्याला लावा. चढत्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर बोट गावाकडे वाहत येते, उतरत्या पाण्यात समुद्राकडे जाते.

याच वेळेचा आणखी एक फायदा आहे. ओहोटीला खाडीत बायका छातीभर पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या, मुळे, खुबे असे शिंपले काढत असतात. लांबून फक्त डोकी दिसतात, आणि वाकल्या की तीही नाहीत. बोटीच्या वेगातून ते डोकं आणि तरंगता नारळ यातला फरक कळत नाही. भरतीला त्या घरी असतात. तुम्ही भरतीची वेळ धरलीत की त्यांचा प्रश्न आपोआप सुटतो.

सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर स्की नाही. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा असेल, हवामान खात्याचा मच्छीमारांना इशारा असेल किंवा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने मोठ्या लाटांचा इशारा दिला असेल, तर आभाळ कितीही स्वच्छ असो, घरी बसा.

## ४. सामान

- लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसणारं आणि आधीच फुगीर असलेलं हवं. ओढल्यावर हवेने फुगणारं चालत नाही. वेगात आपटल्यावर ते वेळेवर फुगेल की नाही सांगता येत नाही. घालून खांद्याच्या पट्ट्या वर ओढा. जॅकेट कानापर्यंत आलं तर साइझ मोठा आहे.
- निओप्रीनची (जाड रबरी कापडाची) आखूड पँट. नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत वेगाने पडल्यावर पाण्याचा जोर शरीरात शिरून आतून गंभीर इजा होऊ शकते. स्त्रियांनी तर ही पँट टाळूच नये. लाजेपोटी हे कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.
- नवख्यासाठी रुंद, जोडीच्या स्की. बाइंडिंगमधून (स्कीवरच्या पाय अडकवायच्या खोबणीतून) पाय जोर लावल्यावर सुटला पाहिजे.
- स्कीसाठीच बनवलेली दोरी आणि तरंगणारं हँडल. बनाना राइडची दोरी किंवा मासेमारीचा दोर वापरू नका. दोरीवर तुटके धागे, गाठी, मीठ धरून कडक झालेला भाग दिसला तर ती बाजूला ठेवा.
- लांब बाह्यांचा टी-शर्ट, बोटीत पिण्याचं पाणी, शिट्टी, धारदार चाकू, वल्हं, नांगर आणि त्याला पुरेसा दोर, प्रथमोपचार पेटी.
- पायात पाण्यातले बूट, निदान जेट्टीपर्यंत. कालवाचा काप ब्लेडसारखा लागतो आणि लवकर भरत नाही.

## ५. बोटीवर कोण कोण

चालवणारा आणि निरीक्षक, दोन वेगळी माणसं. निरीक्षक नसेल तर स्की नाही. इथे वाद घालणाऱ्याशी वाद घालू नका, उतरून घरी जा. कारण साध्या गणितात आहे. ताशी तीस किलोमीटरला बोट सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त जाते. चालवणाऱ्याने तीन सेकंद मागे वळून बघितलं तर बोट पंचवीस मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे तुमच्या अख्ख्या दोरीएवढं अंतर कोणी न बघता कापलं गेलं. चालवणाऱ्याचे डोळे पुढे, निरीक्षकाचे मागे. निरीक्षक मोठा माणूस हवा, त्याने खुणा पाठ केलेल्या हव्यात आणि त्याच्या हातात मोबाइल नको. रील काढायची हौस असेल तर त्यासाठी चौथा माणूस न्या.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असलीच पाहिजे. बऱ्याच बोटींवर ती स्टिअरिंगलाच गुंडाळून ठेवलेली दिसते. ती दिसली की चालवणाऱ्याबद्दल जे कळायचं ते कळलं.

दारू कोणीच घेतलेली नको, आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरीही नको.

## ६. खुणा जमिनीवर पाठ करा

इंजिनाच्या आवाजात ओरडून उपयोग नाही. खालच्या खुणा जगभर चालतात, त्यात गावठी भर घालू नका.

- अंगठा वर: वेग वाढव.
- अंगठा खाली: वेग कमी कर.
- अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ: हा वेग बरोबर.
- तर्जनी वर करून गोल फिरवणं: वळव.
- डोक्यावर थोपटणं: परत धक्क्याला चल.
- गळ्यावरून आडवा हात: इंजिन बंद, थांब. ही खूण बोटीवरच्या किंवा स्कीवरच्या कोणीही केली तरी पाळायची.
- पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडणं: मी ठीक आहे.
- पाण्यात एक स्की उभी धरणं: मी इथे आहे, बघून जा.

पडल्यावर काही सेकंदांत 'ठीक आहे'ची खूण आली नाही, तर निरीक्षकाने इजा झाली असंच धरायचं.

सुरुवातीच्या हुकुमाचा शब्द एकच ठरवा. आम्ही 'चल' वापरतो. 'हो', 'थांब जरा', 'अजून नको' यातलं काहीही ऐकू आलं तरी चालवणारा हलत नाही. 'चल' ऐकू आलं तरच गॅस.

## ७. उठणं आणि पडणं

पाण्यात पाठीवर बसल्यासारखं व्हा, गुडघे छातीशी, हात सरळ, दोरी दोन स्कींच्या मधून, स्कीची टोकं पाण्याबाहेर. बोट आधी हळू पुढे जाऊन दोरीचा ढील काढते, मग ओढते. तुम्ही उठायचं नाही, बोटीला उठवू द्यायचं. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराने भावाच्या बोटीमागे हा खेळ पहिल्यांदा जमवला, तोही टोकं वर ठेवून मागे झुकल्यावरच. शंभर वर्षांत यात काही बदललेलं नाही. नवखा हात आखडून स्वतःला वर ओढतो आणि तोंडावर पडतो.

मोठ्या माणसाला सुरुवातीला ताशी तीस-पस्तीस किलोमीटर पुरतात, लहान मुलांना वीस-पंचवीस. स्पर्धेतले पुरुष खेळाडू ताशी अठ्ठावन्नपर्यंत जातात. ते बघायचं, करायचं नाही.

पडतोय असं वाटलं की हँडल सोडा. फरफटत राहून काही वाचत नाही. दोरी हाताला, मनगटाला, बोटांना कधीही गुंडाळू नका. अंगठ्या घरी ठेवा. धक्क्यावर बसून थेट ओढून घ्यायची सुरुवात व्हिडिओत झकास दिसते, आपल्या शेवाळलेल्या, कालवं चिकटलेल्या जेट्ट्यांवर ती करायची नाही.

तुम्हाला उचलायला बोट हळू वळून येईल आणि तुम्ही चालवणाऱ्याच्या बाजूला, त्याला सतत दिसत राहाल अशी थांबेल. शिडीला हात लावण्यापूर्वी इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल म्हणजे बंद नाही. गिअरला कोणाचा गुडघा लागला की पंखा फिरतो. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर बसायचं नाही, तिला लोंबकळायचंही नाही. तिथे पंख्याबरोबर धुराचीही भीती असते, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाळूच्या उथळ पाण्यात चालावं लागलं तर पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा. खाली पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर ती सरकून जाते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

## ८. वाट कोणाची

जगभर बोटींना लागू असलेले नियम थोडक्यात असे. समोरून बोट येत असेल तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवी जाणारी बोट तुमच्या उजव्या हाताला असेल तर वाट तिची. मागून पुढे जाणाऱ्याने लांबून जायचं. चिंचोळ्या वाटेत उजवा काठ धरायचा. शिडाची होडी आणि मासेमारी करत असलेली बोट यांना इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची. फक्त खोल वाटेनेच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाच्या आड लहान बोटीने यायचं नाही. मागे स्कीवाला आहे म्हणून तुमच्या बोटीला कसलाही खास हक्क मिळत नाही.

माझा सल्ला याहून सोपा आहे: सगळ्यांना वाट द्या. नियमाने तुमची असली तरी लांबूनच सोडा. मात्र ती वेळेवर आणि ठळक सोडा. शेवटच्या क्षणी थोडं इकडे, थोडं तिकडे केलंत तर समोरचा तांडेल गोंधळतो. दोनशे-अडीचशे मीटरवरूनच मोठं वळण घ्या, म्हणजे त्याला कळतं की तुम्ही त्याला बघितलंय. ताशी तीसला दोनशे मीटर म्हणजे जेमतेम चोवीस सेकंद.

फेरीबोटीला विशेष जपा. ती धक्क्याला लागताना प्रवाहात तिरकी होते, चटकन थांबत नाही, आणि तिच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना तुमचा स्कीवाला दिसतो, तिच्या चालकाला दिसेलच असं नाही. तिच्या मागच्या लाटांवर उड्या मारायचा मोह होतोच. एक तर त्या पाण्यात पंख्याची ओढ असते, शिवाय समोरून दुसरी फेरी येत असेल तर ती पहिलीच्या आड लपलेली असते.

एक सापळा व्हिडिओवाल्यांसाठी. अमेरिकेत समुद्रातून आत येताना वाट दाखवणारा लाल बोया (तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवतात. भारतात उलट आहे: आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. तिथलं पाठांतर इथे वापरलंत की बोट थेट वाळूवर.

दुसरा पोहणारा, कयाकवाला, दुसरा स्कीवाला पाण्यात असेल तर त्याच्यापासून कमीत कमी तीस मीटर. तुमच्या पुढच्या बोटीचा स्कीवाला पडू शकतो, तेव्हा कोणाच्या मागोमाग जाऊ नका.

## ९. जाळी

हे नीट वाचा, कारण खाडीतली बहुतेक भांडणं इथून सुरू होतात.

पाण्यावर एक काळा प्लास्टिकचा कॅन एकटा तरंगताना दिसला की तो एकटा नाही हे धरून चाला. जवळ गेल्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा लहान बोये एका रांगेत दिसतात, हाताच्या अंतरावर एकेक, आणि रांगेच्या दोन्ही टोकांना काठीला बांधलेलं काळं किंवा लाल फडकं. त्या दोन फडक्यांच्या मधे जाळं लटकलेलं असतं. मधून कधीही जायचं नाही, टोकाच्या फडक्याला बाहेरून मोठा वळसा. उन्हाच्या दिशेने जाताना ही रांग दिसत नाही, म्हणून सकाळी पूर्वेकडे तोंड करून जाताना वेग कमी ठेवा.

डोल खुंटांना बांधलेली असते आणि तिचं तोंड प्रवाहाकडे असतं. खुंटांची रांग दिसली की अख्खी रांग सोडून द्या. पाग (हाताने फेकायचं जाळं) फेकणारा काठाजवळ कमरेभर पाण्यात उभा असतो, तुमची लाट त्याच्या छातीवर येते आणि मासे पळतात. मालवणकडे किनाऱ्यावर रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर समुद्रात अर्धवर्तुळाकार बोये दिसतात. त्या वर्तुळात शिरणं म्हणजे अख्ख्या वाडीची सकाळ बुडवणं.

चुकून बोयांवर आलातच तर इंजिन ताबडतोब बंद, आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावलेलं इंजिन) वर उचला, दोरी बोटीत ओढा आणि वाहत किंवा वल्ह्याने बाहेर निघा. पंख्यात जाळं गुंतलं असेल तर लगेच चाकू काढू नका. मालक जवळच असतो, त्याला हाक मारा; त्याला कुठे कापलं तर कमी नुकसान होईल हे तुमच्यापेक्षा कळतं. चाकू फक्त माणूस गुंतला असेल तेव्हा, तिथे मात्र क्षणाचाही विचार नको. नुकसान झालं असेल तर तिथेच नाव-गाव सांगा आणि भरपाई ठरवा. पळून गेलात तर पुढचा स्कीवाला त्या खाडीत उतरू शकणार नाही. त्यात तुम्हीही आलात.

## १०. लाटा, आवाज आणि धक्का

बोटीची सर्वांत मोठी लाट पूर्ण वेगात उठत नाही, अर्ध्या वेगात उठते, जेव्हा बोटीची नाळ (पुढचं टोक) वर आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला असतो. त्यामुळे नांगरलेल्या होडीजवळून जाताना 'थोडा वेग कमी केला' हे सर्वांत वाईट. एकदम हळू, माणूस चालेल इतक्या वेगाने जा, किंवा लांबून जा. लाट होडीला जेट्टीवर आपटते, त्यात मच्छी उतरवणाऱ्याचा हात मधे असू शकतो. खारभूमीचे बांध मातीचे असतात. एकाच पट्ट्यात तासभर घिरट्या घातल्या की लाटांनी त्यांची माती सुटते आणि मागच्या शेतात खारं पाणी शिरतं. चार-पाच फेऱ्यांनंतर पट्टा बदला.

जाण्याआधी मच्छीमार सोसायटीत किंवा तांडेलाला विचारून घ्या. "काका, उद्या सकाळी सात ते नऊ आम्ही वरच्या अंगाला स्की करणार आहोत, तुमची जाळी कुठे असतील?" एवढं पुरतं. उत्तरात जाळ्यांची जागा कळते, खडक कळतात, आणि वेळ पडली तर धावून येणारी होडीही मिळते. लिलावाच्या वेळी धक्का अडवू नका, तिवरांना बोट बांधू नका, डिझेल-पेट्रोल खाडीत सांडू नका, आणि सकाळी सातला बोटीवरचा स्पीकर लावू नका. डॉल्फिन दिसले तर वेग उतरवा आणि त्यांना जाऊ द्या, पाठलाग नको.

## ११. काही झालंच तर

तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, रुग्णवाहिका १०८, सर्वसाधारण मदत ११२. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. खाडीत डोंगरांमुळे रेंज जाते, म्हणून आदल्या दिवशीच कुठून फोन लागतो ते बघून ठेवा आणि काठावर एक माणूस ठेवा, ज्याला तुमची परतायची वेळ माहीत आहे. वेळ टळून अर्धा तास झाला की त्याने विचार करत बसायचं नाही, फोन करायचा.

माणूस डोक्यावर किंवा मानेवर पडला असेल आणि शुद्धीत असेल तर त्याला घाईने बोटीत ओढू नका. जॅकेटने तरंगत ठेवा, मान हलू न देता धरा, तोंड पाण्याबाहेर आहे ना बघा. श्वास नसेल तर मात्र मानेचा विचार मागे, आधी बोटीत घ्या आणि कृत्रिम श्वास सुरू करा.

फोनवर गावाचं नाव सांगून थांबू नका. खाडी कोणती, काठ उत्तरेचा की दक्षिणेचा, जवळची जेट्टी कोणती, पाणी भरतंय की सुकतंय, हे चार शब्दांत सांगा. सुकत असेल तर बचावाची बोट मुखाकडून शोधत येईल.